ज्याला विचारता येत नाही, त्याचा कौल

न्यूयॉर्क राज्यात ‘कोर्ट ऑफ अपील्स’ हे सर्वांत वरचे न्यायालय होय. ३१ मार्च १९८१ रोजी या न्यायालयाने दोन रुग्णांची प्रकरणे एकत्र घेऊन एकच निकालपत्र दिले. निकाल लागला तेव्हा दोन्ही रुग्ण हयात नव्हते. त्यांपैकी एक होते मरियानिस्ट संघाचे ८३ वर्षांचे व्रतस्थ ब्रदर जोसेफ फॉक्स. दुसरे होते जॉन स्टोरार. त्यांचे वय ५२ वर्षांचे होते, परंतु मानसिक वय सुमारे दीड वर्षाच्या बालकाइतके. ब्रदर फॉक्स यांचे कृत्रिम श्वसनयंत्र काढण्याची मागणी न्यायालयाने ग्राह्य धरली. जॉन स्टोरार यांना रक्त चढवणे थांबवावे, ही त्यांच्या वृद्ध आईची विनंती मात्र न्यायालयाने अमान्य केली.

दोन्ही निर्णयांमागील तर्क एकच होता. ब्रदर फॉक्स यांनी शुद्धीवर असताना, विचारपूर्वक, आपले मत सांगून ठेवले होते. जॉन स्टोरार यांना असे मत कधी बनवताच आले नव्हते, मग ते सांगणार कोठून? ज्याने सांगून ठेवले त्याचे ऐकावे, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याला कधी विचारताच आले नाही, त्याच्या अखेरच्या आजारात उपचार कोठवर न्यावेत आणि कोठे थांबवावेत, हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवावे?

हा प्रश्न परक्या देशातील न्यायालयापुरता नाही. ज्या घरात असे मूल आहे, त्या घरातील आईवडिलांच्या मनात तो वर्षानुवर्षे असतो. “आमच्यामागे हिचे कसे व्हायचे?” या एका वाक्यात तो सामावलेला असतो. त्याचे उत्तर शोधताना वैद्यक, कायदा आणि आपली ख्रिस्तसभा यांनी कोणती वाट चालली, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. त्या काळच्या कागदपत्रांत आणि आपल्या बोलण्यातही ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली असून या लेखात तीच वापरली आहे.

कोंबडीचे उदाहरण

आजारी माणसाने जगण्यासाठी किती खटाटोप केला पाहिजे, हा प्रश्न कॅथलिक नीतिशास्त्राला नवा नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डॉमिनिकन धर्मगुरू शिकवीत असत. आत्महत्या हे पाप आहे, तर मग औषध न घेणे, अन्न न घेणे हेही पाप ठरते का, असा प्रश्न त्यांनी आपल्या व्याख्यानांत घेतला. त्यांचे उत्तर अत्यंत व्यवहारी होते. जगण्याची आशा असताना रुग्णाने अन्न घेतलेच पाहिजे. परंतु आजाराने मन इतके खचले असेल की एकेक घास म्हणजे यातनाच, तर ते अन्न न घेतल्याचा दोष त्याला लागत नाही. तसेच वैद्याने कोंबडीचे मांस खाण्यास सांगितले आणि त्यामुळे आयुष्य वीस वर्षांनी वाढेल असे म्हटले, तरी असले महागडे अन्न खाण्याचे बंधन गरिबावर नाही. साधे अन्न पुरेसे आहे.

याच शतकाच्या अखेरीस दोमिंगो बान्येस यांनी या विचाराला ‘साधारण उपाय’ आणि ‘असाधारण उपाय’ अशी परिभाषा दिली. साधारण उपाय बंधनकारक, असाधारण उपाय ऐच्छिक. पुढील सुमारे चारशे वर्षे पापनिवेदन ऐकणारे आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणारे धर्मगुरू हीच मोजपट्टी वापरीत आले. या मोजपट्टीने उपायाचे ओझे मोजायचे असते. माणसाची किंमत मोजण्याची तिच्यात सोय नाही. शिवाय ओझे मोजायचे ते याच रुग्णाच्या खांद्यावरचे. एकाला सहज पेलणारा उपाय दुसऱ्याला चिरडून टाकणारा असू शकतो.

विसाव्या शतकात श्वसनयंत्रे आली आणि प्रश्नाला धार आली. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथील एका भूलतज्ज्ञाने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी वैद्यांपुढे भाषण केले. स्वतःवर किंवा इतरांवर गंभीर ओझे न लादणारे उपाय करण्याचेच सामान्यतः बंधन आहे, आणि हे ओझे व्यक्ती, स्थळ, काळ यांनुसार ठरते, असे त्यांनी सांगितले. रुग्ण बेशुद्ध असेल तर? तो सज्ञान आणि स्वतःचा मुखत्यार असेल, तर त्याची इच्छा काय असती याचा अंदाज घेऊन कुटुंबाने वागावे. कुटुंबाचे स्वतःचे असे कर्तव्य मात्र साधारण उपायांपुरतेच आहे.

या भाषणातील ‘स्वतःचा मुखत्यार’ हे शब्द लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जो आयुष्यात एकदाही स्वतःचा मुखत्यार नव्हता, त्याच्या इच्छेचा अंदाज कसा घ्यायचा, हा प्रश्न त्या भाषणाच्या कक्षेत आला नव्हता.

ब्रदर फॉक्स हे लाँग आयलंडवरील शामिनाद हायस्कूलच्या व्रतस्थ मंडळात राहत असत. १९७६ मध्ये कॅरन अ‍ॅन क्विनलन या तरुणीचे प्रकरण अमेरिकेत गाजत होते. ती १९७५ च्या एप्रिलमध्ये बेशुद्ध झाली ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिच्या श्रद्धाळू कॅथलिक आईवडिलांनी आपल्या धर्मगुरूंशी विचारविनिमय करून श्वसनयंत्र काढण्याची परवानगी मागितली आणि ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. यंत्र काढल्यावरही कॅरन स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ च्या जूनमध्ये तिचे निधन झाले. शामिनादच्या ब्रदरांमध्ये या प्रकरणाची आणि पोप पायस यांच्या शिकवणीची चर्चा झाली, तेव्हा अशा स्थितीत आपल्यावर असाधारण उपाय करू नयेत, असे ब्रदर फॉक्स यांनी स्पष्ट सांगितले. १९७९ मध्ये गच्चीवरील बागेत फुलझाडांच्या जड कुंड्या हलवताना त्यांना हर्निया झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय बंद पडून मेंदूला इजा झाली. वरिष्ठ फादर फिलिप आयकनर न्यायालयात गेले ते ब्रदरांचे हेच शब्द घेऊन. २४ जानेवारी १९८० रोजी ब्रदर फॉक्स यांचे निधन झाले. निकाल त्यानंतर चौदा महिन्यांनी लागला, पण तो त्यांच्या शब्दाला मान देणारा होता.

भयाचे कारण

जॉन स्टोरार यांच्या बाबतीत न्यायालय का कचरले, हे समजण्यासाठी दोन आठवणी जाग्या करायला हव्यात.

पहिली जर्मनीची. १९३९ च्या शरद ऋतूपासून हिटलरच्या राजवटीने मनोरुग्णालयांतील आणि आश्रमांतील बौद्धिक अक्षमता असलेल्या व मनोरुग्ण लोकांना ठार मारण्याची मोहीम चालवली. बर्लिनमधील कचेरीच्या पत्त्यावरून ‘टी-फोर’ या नावाने ती इतिहासात ओळखली जाते. ऑगस्ट १९४१ पर्यंत विषारी वायूने मारलेल्यांची संख्या ७०,००० च्या वर गेली. या कृत्याला दयेचे नाव देण्यात आले होते आणि त्यावर वैद्यांच्या सह्या होत्या. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर शहरातील संत लाम्बर्ट यांच्या मंदिरात बिशप क्लेमेन्स आउगुस्ट फॉन गालेन यांनी प्रवचनात हे सारे उघडपणे मांडले. अनुत्पादक म्हणून एका माणसाला मारण्याचा अधिकार मान्य केला, तर म्हातारे, पंगू आणि जखमी सैनिक यांच्यापैकी कोणाचाही जीव सुरक्षित राहणार नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. त्या प्रवचनाच्या नकला हातोहात पसरल्या. महिना संपण्यापूर्वी वायूने मारण्याची ती मोहीम अधिकृतपणे थांबवावी लागली. गुप्तपणे हत्या मात्र १९४५ पर्यंत चालू राहिल्या. बिशप गालेन यांना २००५ मध्ये धन्यवादित म्हणून घोषित करण्यात आले.

दुसरी आठवण अमेरिकेचीच. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक ही शासकीय संस्था ४,००० लोकांसाठी बांधलेली असताना १९६५ मध्ये तेथे सुमारे ६,००० लोक कोंबलेले होते. तेथील मुलांना कावीळ व्हावी म्हणून मुद्दाम विषाणू देऊन संशोधन करण्यात आले होते. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर तेथील उघडीनागडी, घाणीत बसलेली मुले दिसली तेव्हा देश हादरला. ज्यांच्या वतीने इतरांनी निर्णय घेतले, त्यांच्या वाट्याला हे आले होते. अशा राज्यातील न्यायाधीशांनी “दुसऱ्याच्या वतीने मृत्यू मान्य करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नये” असे म्हटले, तर त्यांना दोष देणे सोपे नाही.

बेल्चरटाउनचे जोसेफ

तरीही शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने वेगळी वाट धरली होती. जोसेफ सायकेविच हे १९२३ पासून शासकीय संस्थांत आणि १९२८ पासून बेल्चरटाउन येथील संस्थेत राहत होते. त्यांना बोलता येत नसे. खुणा आणि हुंकार हीच त्यांची भाषा. १९७६ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांना रक्ताचा तीव्र कर्करोग झाल्याचे निदान झाले. त्यांच्या दोन बहिणींचा शोध लागला, परंतु त्यांनी या प्रकरणात पडण्यास नकार दिला. न्यायालयाने नेमलेल्या पालकाने सर्व बाजू मांडल्या. केमोथेरपी दिली तर आजार काही काळ मागे हटण्याची शक्यता तीस ते पन्नास टक्के, आणि ती उसंतही बहुधा दोन ते तेरा महिन्यांची. साठीच्या पुढील रुग्णांत यश याहून कमी. उपचार दिले नाहीत तर मृत्यू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, पण फारशा वेदनांविना.

बहुतेक माणसे अशा वेळी उपचार पत्करतात, हे न्यायालयाला माहीत होते. परंतु त्या माणसांना आपल्याला सुई का टोचली जाते हे कळते, आणि त्या कळण्यावरच ती तग धरतात. सायकेविच यांना फक्त वेदना कळली असती. ओळखीच्या जागेतून उचलून, कदाचित हातपाय बांधून, अनोळखी माणसे आपल्याला दुखवतात एवढेच त्यांना उमगले असते. १३ मे १९७६ रोजी जिल्हा पातळीवरील न्यायालयाने केमोथेरपी न देण्याचा आदेश दिला आणि जुलैमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ४ सप्टेंबर १९७६ रोजी सायकेविच यांचे संस्थेच्या रुग्णालयात शांतपणे निधन झाले. सविस्तर निकालपत्र २८ नोव्हेंबर १९७७ रोजी आले.

त्या निकालपत्रातील एक भेद फार मोलाचा आहे. खालच्या न्यायालयाने उपचार न देण्याच्या कारणांत ‘उपचारानंतर मिळणाऱ्या आयुष्याचा दर्जा’ असे शब्द वापरले होते. वरिष्ठ न्यायालयाने ते सावधपणे तपासले. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचे आयुष्य कमी मोलाचे, असा त्यांचा अर्थ असेल तर तो सर्वथा त्याज्य आहे. उपचारामुळे होणारी वेदना आणि गोंधळ एवढाच अर्थ घ्यावा, असे न्यायालयाने बजावले. म्हणजे सायकेविच यांची अक्षमता विचारात घेतली गेली, पण उपचाराचे ओझे मोजताना. त्यांच्या जीवनाचे मोल ठरवताना ती तराजूत घालण्यास न्यायालयाने मनाई केली. व्हितोरियांच्या कोंबडीच्या उदाहरणात जो विवेक आहे, तोच येथे निराळ्या भाषेत दिसतो.

एका आईची साक्ष

जॉन स्टोरार हे वयाच्या पाचव्या वर्षापासून न्यूअर्क येथील शासकीय संस्थेत होते. त्यांची आई डोरोथी या ७७ वर्षांच्या विधवा. त्या संस्थेजवळच राहत आणि जवळजवळ रोज मुलाला भेटायला जात. १९७९ मध्ये जॉन यांना मूत्राशयाचा कर्करोग झाला. आईने किरणोपचारांना संमती दिली आणि आजार काही काळ मागे हटला. पण १९८० च्या मार्चमध्ये लघवीतून पुन्हा रक्त जाऊ लागले. आता आजार बरा होणार नाही, काही महिन्यांचाच अवधी आहे, असे वैद्यांनी सांगितले. मे महिन्यात रक्त चढवण्याची परवानगी मागितली गेली. आईने प्रथम नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला. १९ जूनला मात्र त्यांनी रक्त चढवणे थांबवण्याची विनंती केली. संस्थेचे संचालक न्यायालयात गेले.

साक्षी झाल्या. दर आठ ते पंधरा दिवसांनी दोन बाटल्या रक्त द्यावे लागे. जॉन यांना ते मुळीच आवडत नसे. आधी गुंगीचे औषध द्यावे लागे, कधी हात धरून ठेवावे लागत. रक्त दिल्यानंतर लघवीतून गुठळ्या अधिक पडत आणि त्या पाहून ते अस्वस्थ होत. दुसरीकडे, रक्त मिळाले की त्यांच्या अंगात बळ येई. ते स्वतःच्या हाताने जेवत, फिरत, धावत, खोड्याही करीत. आईचे म्हणणे थोडक्यात होते: हा त्रास कशासाठी हे मी त्याला समजावू शकत नाही, त्याला आराम मिळावा एवढीच माझी इच्छा आहे.

खालच्या दोन न्यायालयांनी आईच्या बाजूने कौल दिला. खटला चालू असेपर्यंत रक्त देणे चालूच राहिले आणि १५ डिसेंबर १९८० रोजी जॉन यांचे निधन झाले. ३१ मार्च १९८१ च्या निकालात बहुमताने आईची विनंती चुकीची ठरवली. न्यायमूर्ती सोल वॉक्टलर यांनी लिहिलेल्या निकालपत्राचा आशय असा: जॉन यांना समज असती तर त्यांनी काय निवडले असते, हा प्रश्नच अर्थहीन आहे. त्यांना कायद्याच्या दृष्टीने बालकच मानले पाहिजे. बालकाला रक्त नाकारण्याचा अधिकार जसा धार्मिक कारणास्तवही आईवडिलांना नाही, तसा तो येथेही नाही. रक्त हे अन्नासारखे आहे; कर्करोग त्याने बरा होत नसला तरी रक्तस्रावाने येणारा मृत्यू टळतो.

न्यायालयाचा पहिला मुद्दा पटण्यासारखा आहे. ज्याला समज कधीच नव्हती, त्याला कल्पनेने समज देऊन त्याचे मत विचारणे म्हणजे दुसऱ्याच कोणाला तरी विचारणे. पण इच्छा कळत नाही म्हणून काहीच कळत नाही, असे होत नाही. सुईची भीती, बांधलेले हात, गुठळ्या पाहून होणारी घालमेल हे अंदाज नव्हते. पाहिलेल्या गोष्टी होत्या. पोप पायस यांच्या भाषणातील ‘गंभीर ओझे’ जर काही असेल, तर ते हेच. तसेच धावणे, खोड्या करणे हेही पाहिलेले होते, आणि ते दुसऱ्या पारड्यात जात होते. रक्ताची अन्नाशी तुलना करताना नेमके हे वजन करणेच राहून गेले. आईच्या हातचा घास आणि हात धरून टोचलेली सुई या दोन गोष्टी रुग्णाला सारख्या वाटत नाहीत. व्हितोरियांनी तर अन्नाच्या बाबतीतही रुग्णाची अवस्था विचारात घेतली होती.

ज्या महिन्यात जॉन यांना रक्त देण्यास आरंभ झाला, त्याच महिन्यात, ५ मे १९८० रोजी, रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने दयामरणाविषयी घोषणापत्र प्रसिद्ध केले. दयामरण कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही, हे त्यात ठामपणे सांगितले आहे. त्याचबरोबर उपचाराचा प्रकार, गुंतागुंत, खर्च आणि अपेक्षित लाभ यांची तुलना रुग्णाच्या अवस्थेशी व त्याच्या शारीरिक आणि मानसिक बळाशी करावी, असेही म्हटले आहे. जॉन यांच्या आईने शाळेत न शिकता हीच तुलना केली होती. तिचा निष्कर्ष बरोबर होता की नव्हता, यावर सुजाण माणसांत मतभेद होऊ शकतात; बळ देणारे रक्त अजून थांबवण्याची वेळ आली नव्हती, असेही कोणी म्हणेल. पण ती योग्य प्रश्न विचारीत होती. “अशा मुलाने जगून काय करायचे?” असे तिने कधी विचारले नाही.

उलटी बाजू

हा चुकीचा प्रश्न विचारला गेल्यावर काय होते, ते लवकरच दिसले. ९ एप्रिल १९८२ रोजी, त्या वर्षीच्या शुभ शुक्रवारी, इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन गावी एक मुलगा जन्मला. त्याला डाऊन सिंड्रोम होता आणि अन्ननलिका जठराला जोडलेली नव्हती. हा दुसरा दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त होण्यासारखा होता. दुसऱ्या एखाद्या बाळावर ती शस्त्रक्रिया विनाविलंब झाली असती. या बाळाच्या आईवडिलांनी नकार दिला, न्यायालयांनी तो मान्य केला आणि १५ एप्रिलला ते बाळ अन्नावाचून गेले. त्याला दत्तक घेण्यास अनेक कुटुंबे पुढे आली होती. या घटनेनंतर अमेरिकेत मोठा वाद होऊन १९८४ मध्ये अशा नवजात बालकांच्या संरक्षणाचा कायदा झाला.

येथे मोजपट्टी उपायावर न लावता बाळावर लावली गेली. जॉन यांच्या आईची विनंती आणि ब्लूमिंग्टनचा निर्णय बाहेरून सारखे दिसतात. दोन्हींत जवळच्या माणसांनीच उपचार नको म्हटले. पण एकीत उपचाराचे ओझे मोजले होते, दुसरीत मुलाचे.

न्यूयॉर्क राज्यात स्टोरार निकाल वीस वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याचा परिणाम असा झाला की बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णाच्या अंतकाळी कुटुंबाला आणि वैद्यांना कोठेच थांबता येत नसे. अखेर २००२ मध्ये कायदा झाला आणि २००३ पासून पालकांना हा अधिकार मिळाला. मात्र रुग्णाची अवस्था दोन वैद्यांनी तपासलेली असली पाहिजे, आणि उपचार रुग्णावर ‘असाधारण ओझे’ लादणारा आहे हे दाखवले पाहिजे, अशा अटी त्यात आहेत. सालामांकाचा जुना शब्द असा न्यूयॉर्कच्या कायद्यात येऊन पोहोचला.

पण कायद्याने भय संपत नाही. इंग्लंडमध्ये २००७ साली ‘मेनकॅप’ या संस्थेने सरकारी आरोग्यसेवेत झालेल्या सहा मृत्यूंची कहाणी प्रसिद्ध केली. त्या सर्वांना बौद्धिक अक्षमता होती आणि त्यांच्या दुखण्याकडे वेळीच लक्ष दिले गेले नव्हते, असा तिचा आरोप होता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शासकीय चौकशीत २४७ मृत्यूंचा अभ्यास झाला. अशा व्यक्तींपैकी पुरुष इतरांपेक्षा सरासरी १३ वर्षे आणि स्त्रिया २० वर्षे लवकर मरतात, असे तीत आढळले. २०२० च्या मार्चमध्ये कोविडची साथ आली तेव्हा अतिदक्षता विभागात कोणाला घ्यावे हे ठरवण्यासाठी अशक्तपणाचे कोष्टक सुचवले गेले. रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागणे, हे त्यात अशक्तपणाचे लक्षण होते. जन्मभर मदत घेणारा धडधाकट तरुणही त्यामुळे मागे पडला असता. पालकांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच ते कोष्टक अशा व्यक्तींना लावू नये, अशी दुरुस्ती करावी लागली.

आपल्या घरांसाठी

भारतात अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी या विषयाला प्रथमच सविस्तर हात घातला. अरुणाताई मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. १९७३ मध्ये झालेल्या अत्याचारानंतर त्या कायम बेशुद्धीसारख्या अवस्थेत होत्या. त्यांचा प्रश्न बौद्धिक अक्षमतेचा नव्हता. पण त्यांच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न तोच होता. वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयातील मंडळींनाच तो अधिकार आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि त्या मंडळींनी अरुणाताईंना जगू द्यावे असे सांगितले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. बोलण्याचा अधिकार सेवेतून येतो, हे या निकालातील सूत्र स्टोरार प्रकरणातील आईच्या साक्षीला जवळचे आहे.

त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची पद्धत सुलभ केली. परंतु असे इच्छापत्र केवळ सुदृढ मनाच्या सज्ञान व्यक्तीलाच करता येते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढासाठी दुसरी वाट आहे: रुग्णालयातील वैद्यांचे मंडळ, नंतर दुसरे मंडळ, आणि कुटुंबीयांची किंवा पालकाची संमती. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो. आईवडिलांच्या हयातीतच हे करून ठेवले, तर ऐनवेळी रुग्णालयाच्या दारात धावाधाव होत नाही.

कागदापेक्षाही महत्त्वाचे एक काम आहे. आपल्या मुलीला काय आवडते, वेदना झाली की ती कशी वागते, कोणाच्या स्पर्शाने ती शांत होते, सुईला किती घाबरते, हे आईला ठाऊक असते. ते आईबरोबरच जाऊ नये. भावंडांपैकी, नातेवाइकांपैकी किंवा धर्मग्रामातील एखाद्याने तिच्याशी आतापासून ओळख वाढवावी, आणि आईने हे सारे लिहून ठेवावे. सायकेविच यांच्या बहिणी सापडल्या, पण त्या पुढे आल्या नाहीत, आणि म्हणून त्यांच्यासाठी परक्या माणसाला बोलावे लागले.

संस्कारांच्या बाबतीतही घरच्यांनी संकोच करू नये. रुग्णाला समज आली आहे की नाही याविषयी शंका असेल, तेव्हा आजाऱ्यांचा अभ्यंग द्यावा, असे १९८३ च्या धर्मनियमसंहितेचा १००५ वा नियम सांगतो. शंकेचा लाभ येथे रुग्णाला मिळतो. तेव्हा फादरांना बोलावण्यास उशीर करू नये.

उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, याचे उत्तर प्रत्येक वेळी एकच असणार नाही. एका घरी शस्त्रक्रियेसाठी वैद्यांशी भांडावे लागेल, कारण तिचे नाव पाहूनच त्यांनी आशा सोडलेली असेल. दुसऱ्या घरी नळ्या काढून तिला खाटेजवळ बसलेल्या माणसांच्या स्वाधीन करण्याची वेळ येईल. दोन्ही वेळी वैद्यांना विचारायचा प्रश्न मात्र एकच आहे: हा उपचार तिला किती जड जाईल, आणि त्यातून तिला काय मिळेल? ती कोण आहे, हे त्यांनी विचारले तर ते सांगणारे माणूस तेथे हजर असले पाहिजे.